हिवाळ्यातली बाग: शिकागो, टोरांटो, मिनिआपोलिसकडच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

ही उत्तरं उणे १५ ते उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत थंडी पडणाऱ्या भागांसाठी आहेत. तारखा शिकागोच्या आसपासच्या धरल्या आहेत. मिनिआपोलिसकडे आठवडा-दीड आठवडा उशीर धरा. न्यू जर्सीकडे दोन-तीन आठवडे आधीचं धरलं तरी चालतं.

जमीन दगडासारखी गोठल्यावर बागेत करण्यासारखं उरतं तरी काय?

बरंच उरतं. छाटणी, बियांची तपासणी, दुधाच्या कॅनमधली पेरणी, आत आणलेल्या कढीपत्त्याची देखभाल आणि ससे-उंदरांपासून झाडांच्या सालीची राखण. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या. झाडं बहुतेक वेळा नुसत्या थंडीने मरत नाहीत. घरातली झाडं कमी उजेड आणि जास्त पाणी यांनी जातात, बाहेरची झाडं जमीन वारंवार गोठण्या-वितळण्याने उखडतात आणि रोपं जानेवारीतल्या उतावळेपणाने वाया जातात. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

झोन म्हणजे काय आणि त्यावरून काय ठरवायचं?

अमेरिकी कृषी खात्याचा झोन-नकाशा शेवटचा २०२३ साली सुधारला गेला. त्यात १९९१ ते २०२० या ३० वर्षांत दरवर्षी पडलेल्या सर्वांत कडक थंडीची सरासरी धरली आहे. झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३ अंश, झोन ६ म्हणजे उणे २३ ते उणे १८. झोनवरून एवढंच कळतं की बहुवर्षीय झाड त्या थंडीत तगेल की नाही. मिरची कधी लावायची हे झोन सांगत नाही, ते वसंतातल्या शेवटच्या फ्रॉस्टच्या, म्हणजे दहिवर गोठण्याच्या, तारखेवरून ठरतं. कॅनडाचा नकाशा वेगळ्या सूत्राने बनतो, त्यामुळे टोरांटोतला झोन ६ आणि ओहायोतला झोन ६ एकच धरू नका.

कुंडीतल्या झाडाचा हिशेबही वेगळा आहे. जमिनीत मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीत चारही बाजूंनी वारा लागतो. बाहेर कुंडीत ठेवायचं झाड आपल्या झोनपेक्षा दोन पायऱ्या अधिक थंडी सोसणारं निवडा.

डिसेंबर-जानेवारीत पालक, मेथी बाहेर प्लास्टिकखाली उगवेल का?

आधीच वाढलेली असेल तर तगेल. नव्याने पेरलेली वाढणार नाही. कारण दिवसाची लांबी. दिवस १० तासांपेक्षा लहान झाला की पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. शिकागोत हा काळ साधारण १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, टोरांटोत दोन्हीकडून तीन-चार दिवस जास्त. पुण्या-मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांच्या आसपास असतो, म्हणून तिकडे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

कोल्ड फ्रेम (काचेच्या झाकणाची, वाफ्यावर ठेवायची पेटी) किंवा प्लास्टिकच्या छोट्या बोगद्यातला पालक १० नोव्हेंबरला तोडण्याइतका मोठा हवा. त्यासाठी पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ती वेळ चुकली असेल तर आता फेब्रुवारीच्या शेवटी त्याच फ्रेममध्ये पेरा. उघड्या वाफ्यापेक्षा तीन-चार आठवडे आधी पानं मिळतील. ऊन पडलं की फ्रेमचं झाकण चार बोटं वर करायला विसरू नका. बाहेर ५ अंश असले तरी काचेखाली ३० अंश सहज होतात आणि पालक शिजतो.

आच्छादन कधी घालायचं? ऑक्टोबरमध्येच घातलं तर चालेल?

चालत नाही. झाडाला ऊब देण्यासाठी आच्छादन घालायचं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ते गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून घालतात. दिवसा वितळणं, रात्री गोठणं, असं होत राहिलं की माती फुगते, बसते आणि उथळ मुळांची झाडं वर ढकलली जातात. मार्चमध्ये स्ट्रॉबेरीची किंवा नव्या बहुवर्षीय रोपांची मुळं उघडी पडलेली दिसतात ती यामुळेच.

वरची इंच-दोन इंच माती कडक झाली की ४ ते ६ इंच गव्हाचं काड किंवा चुरलेली पानं पसरा. मेपलची अख्खी पानं ओली होऊन पापडासारखी चिकटतात आणि खालचं झाड गुदमरतं, म्हणून त्यांवरून एकदा लॉनमोअर फिरवून घ्या. आच्छादन लवकर घातलं तर उंदरांना उबदार घर मिळतं आणि झाडाला झोपायला उशीर होतो.

लसूण लावायची राहून गेली. आता?

जमिनीत खुरपं जात असेल तर डिसेंबरातही लावा. पाकळी २ इंच खोल, दोन पाकळ्यांत ६ इंच. जमीन गोठली असेल तर पाकळ्या ओलसर पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) घालून सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि माती मोकळी होताच लावा. मधोमध कडक दांडा असणाऱ्या जातींना थंडीचा हा काळ मिळाला नाही तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, एकच गोल कांदा तयार होतो. वसंतात लावलेला गड्डा तसाही लहान राहतो. उरलेल्या पाकळ्या घरात कुंडीत दाटीने खोचा. तीन आठवड्यांत लसणाची पात हाताशी येते, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर तिचा ठेचा गड्ड्याची उणीव भरून काढतो.

बर्फ झाडांवरून झटकावा की राहू द्यावा?

वाफ्यावरचा बर्फ म्हणजे फुकटची गोधडी, राहू द्या. सदाहरित झुडपांवरचा ताजा, जड बर्फ झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडा. वरून खाली झोडपलं की फांद्या मोडतात. फांदीवर काचेसारखा थर जमला असेल तर अजिबात हात लावू नका.

ड्राइव्हवेवरचा मिठाळ बर्फ मात्र वाफ्यावर लोटू नका. साध्या मिठातलं सोडियम मातीची कणीदार रचना मोडतं आणि मुळांना पाणी घेऊ देत नाही. वाफ्याशेजारच्या वाटेवर वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही. चूक होऊन गेली असेल तर वसंतात जमीन मोकळी झाल्यावर त्या पट्ट्याला दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुऊन काढा.

सफरचंदाच्या कोवळ्या झाडाची साल कुणीतरी खाल्ली. वाचेल का?

साल खोडाभोवती पूर्ण गोल खाल्ली असेल तर बहुधा नाही. एका बाजूला अर्धी-पाऊण शिल्लक असेल तर आशा आहे. बर्फाच्या पातळीवर आणि तिरकस कापलेल्या काड्या दिसत असतील तर ससा. बर्फ वितळल्यावर अगदी बुंध्याशी दातांचे बारीक ओरखडे आणि गवतात बोगदे दिसले तर व्होल, म्हणजे शेतातल्या उंदराचा जातभाई.

उपाय एकच: पाव इंच छिद्राची लोखंडी जाळी. खोडापासून दोन-तीन इंच लांब गोल गुंडाळायची, दोन इंच जमिनीत दाबायची आणि वर नेहमीच्या बर्फाच्या पातळीपेक्षा दीड ते दोन फूट उंच ठेवायची. साधी कोंबडी-जाळी सशाला अडवते, व्होल तिच्यातून आरपार जातो. आच्छादन खोडाला टेकवू नका. नैर्ऋत्येकडून दुपारचं ऊन लागून नंतर रात्री साल तडकते, त्यासाठी कोवळ्या खोडाला पांढरी पट्टी गुंडाळा आणि एप्रिलमध्ये आठवणीने काढा.

छाटणी कशाची करायची आणि कशाची नाही?

सफरचंद, नासपती, द्राक्षवेल यांची छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्च, सर्वांत कडक थंडी ओसरल्यावर. ओकची छाटणी हिवाळ्यातच. एप्रिल ते जुलै या काळात ताज्या जखमेवर येणारे भुंगे ओक विल्ट ही बुरशी पसरवतात. लायलॅक आणि फोर्सिथिया यांना हिवाळ्यात हात लावू नका, त्यांच्या कळ्या गेल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्या सगळ्या कात्रीखाली जातील. हायड्रेंजियाचा घोळ नेहमीचा आहे. पांढऱ्या शंकूसारख्या तुऱ्यांचा आणि पांढऱ्या गोल गेंदांचा, असे दोन्ही मार्चमध्ये छाटता येतात. निळ्या-गुलाबी गेंदांचा मोठ्या पानांचा प्रकार मात्र जुन्या काडीवर फुलतो, त्याची फक्त वाळलेली टोकं काढा.

आत आणलेल्या कढीपत्त्याची पानं पिवळी होऊन गळतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पाणी. हिवाळ्यात कढीपत्ता अर्धवट झोपतो. उजेड कमी, वाढ बंद, म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीत. आपण मात्र उन्हाळ्याच्याच सवयीने रोज तांब्या ओततो आणि मुळं कुजतात. बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही कोमट आणि बशीतलं उरलेलं ओतून टाकायचं. १२ इंची कुंडीला दहा-बारा दिवसांतून एकदा हे डिसेंबरचं साधारण प्रमाण. खत मार्चपर्यंत बंद. कुंडी बदलणंही तेव्हाच.

थोडी पानगळ होणारच. काडी नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. अख्खं निष्पर्ण झालेलं झाडही एप्रिलमध्ये फुटतं, त्यामुळे फेकण्याची घाई नको.

आत आणण्याची वेळ रात्रीचं तापमान १० ते १२ अंशांवर येण्याआधीची, म्हणजे शिकागोत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. आणताना पानांच्या खालच्या बाजूने फवारा मारून धुऊन घ्या. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो: पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि फांदीच्या बेचक्यात जाळं. खवले कीड असेल तर पानं आणि खालची फरशी चिकट लागते. खवले ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, मग कीटकनाशक साबणाचा फवारा, दर आठ दिवसांनी असा तीनदा. एका फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, म्हणून कीड परत आली असं वाटतं. भांडी घासायचा साबण वापरू नका, पानं करपतात.

जागा दक्षिणेच्या खिडकीत, पण हीटिंगच्या झरोक्यावर नको. मार्चमध्ये शेंडे खुडा, म्हणजे झाड बाजूने भरेल. आणि एक सूचना: कढीपत्ता हे लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणाऱ्या सिला या किडीचं आवडतं झाड आहे. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या बंदी असलेल्या भागांतून त्याची रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. मावशीकडून गाडीत रोप घेऊन येण्यापेक्षा परवानाधारक नर्सरीतून घ्या.

तुळस हिवाळाभर टिकवता येते का?

येते, पण जुनं झाड टिकवण्याचा अट्टहास करू नका. ऑगस्टअखेर न फुललेल्या शेंड्यांची चार इंची छाटकलमं काढा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. लहान कुंडीत लावून थेट ग्रो लाइटखाली, म्हणजे रोपं वाढवायच्या दिव्याखाली. नुसत्या खिडकीतली तुळस जानेवारीत बहुधा जाते. मंजिऱ्या खुडत राहा. काही वाळवून बी कागदी पाकिटात ठेवा, म्हणजे काही झालं तरी एप्रिलमध्ये नवी रोपं होतील. तुळशीचं लग्न कार्तिकात येतं आणि तोवर अंगणातली तुळस इथे केव्हाच काळी पडलेली असते, म्हणून लग्नाची कुंडी सप्टेंबरातच आत घ्या.

अळू आणि हळदीचे कंद कसे साठवायचे?

पहिल्या फ्रॉस्टने अळूची पानं काळी पडली की दांडे दोन-तीन इंचांवर कापा, कंद अलगद खणा, माती झटका, धुऊ नका. सावलीत तीन-चार दिवस सुकवून पुठ्ठ्याच्या खोक्यात किंचित ओलसर पीट किंवा लाकडाच्या भुशात एकमेकांना न टेकतील असे ठेवा. जागा १० ते १३ अंशांची, म्हणजे बेसमेंटचा थंड कोपरा. फ्रिज नको, तिथे कंद पाणचट होऊन सडतो. महिन्यातून एकदा उघडून बघा: मऊ पडलेला काढून टाका, सुरकुतलेल्यावर पाण्याचा एक शिपका. मार्चअखेर कुंडीत लावले की जूनअखेर वडीजोगी पानं मिळतात. डेलियाचे कंद याच पद्धतीने, फक्त जागा जरा थंड, ४ ते १० अंशांची.

हळदीचं गणित वेगळं. तिला तयार व्हायला आठ ते दहा महिने लागतात आणि इथला उघड्यावरचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. म्हणून फेब्रुवारीतच देशी दुकानातल्या ओल्या हळदीचे डोळेदार तुकडे हीट मॅटवर (कुंडीखाली ठेवायच्या विजेच्या गरम चटईवर), २५ ते ३० अंशांत, ओलसर मातीत ठेवा. कोंब यायला महिनाही लागतो. त्या महिन्यात पाणी बेताचंच, कारण कोंबाआधी सडण्याची शक्यता जास्त.

कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडतात. फवारा कोणता?

फवारा कोणताच नको. ही फंगस नॅट, तिच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या इंचात राहतात. माती वरून सुकू द्या, निम्मं काम तिथेच होतं. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद मातीलगत खोचा. अळ्यांसाठी बीटीआय हा जिवाणू असलेले, डासांच्या अळ्या मारायचे दाणे मिळतात. एक गॅलन पाण्यात ४ टेबलस्पून अर्धा तास भिजवा, गाळा आणि तेच पाणी कुंड्यांना द्या. आठवड्यातून एकदा, सलग तीन आठवडे. एकदाच करून थांबलात तर पुढची पिढी तयार असते.

बेसमेंटमध्ये मेथी-कोथिंबीर करायची आहे. नेमकी पद्धत सांगा.

मेथीपासून सुरुवात करा, ती नवशिक्याला नाउमेद करत नाही. १० बाय २० इंचाचा छिद्रांचा ट्रे, त्याखाली बिनछिद्राचा दुसरा ट्रे. दीड इंच बी-रुजवण मिश्रण, ओलं पण पिळल्यावर पाणी न गळणारं. अर्ध्या ट्रेला २ टेबलस्पून मेथीदाणे आठ तास भिजवून एका थरात पसरा, वर मिश्रणाचा पातळ थर. दोन-तीन दिवस झाकण, मग दिव्याखाली. पाणी नेहमी खालच्या ट्रेत ओतायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाकायचं. दहा-बारा दिवसांत तीन इंचांची झाली की कात्रीने कापा. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी म्हणून जुडी मिळते ती हीच, वाळूत वाढवून कोवळी उपटलेली. अर्धा ट्रे आज, अर्धा सहा दिवसांनी असं चक्र लावलं की दर आठवड्याला एक भाजी निघते.

कोथिंबिरीला धीर लागतो. धणे लाटण्याने हलके दाबून दुभंगवा, पीठ करू नका. बारा तास भिजवा, पाव इंच खोल पेरा. उगवायला एक ते दोन आठवडे, कापायला ४० ते ५० दिवस. तिला १८-२० अंशांचा गारवा आवडतो, त्यामुळे बेसमेंट उत्तमच. हीट मॅटवर मात्र ती ताठरते आणि लवकर फुलावर जाते. किराणा दुकानातले धणे कधी अजिबात उगवत नाहीत, आधी दहा दाणे तपासून पाहा.

मोड आलेली कच्ची मेथी आणि मातीत वाढवून कापलेली मेथी यांत फरक आहे. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, तिचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांपर्यंत गेला. ५० हून अधिक माणसं दगावली. उबदार, ओल्या, बंद भांड्यात मोडांबरोबर जिवाणूही वाढतात. घरात लहान मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर मोड शिजवूनच खा.

महागडा जांभळा ग्रो लाइट घ्यायलाच हवा का?

नाही. पालेभाज्या आणि रोपांसाठी ४००० ते ५००० केल्विनचा पांढरा, चार फुटी एलईडी शॉप लाइट पुरतो. दिवा रोपांच्या शेंड्यापासून ४ ते ६ इंचांवर, साखळीने वर-खाली करता येईल असा. टायमर लावून १४ ते १६ तास. रात्रभर चालू ठेवू नका. ४० वॅटचा दिवा १६ तास जळाला तर महिन्याला १९ युनिटं होतात, हिशेब तुमच्या बिलाच्या दराने करा. दिवा दोन फुटांवर टांगून "उजेड तर आहे" म्हणणं ही सर्वांत नेहमीची चूक. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही, रोपाला कळतो.

दुधाच्या कॅनमध्ये बर्फात बी पेरतात म्हणे. खरंच उगवतं?

उगवतं, आणि बऱ्याच रानफुलांना तर तेच हवं असतं. मिल्कवीड, कोनफ्लॉवर अशांच्या बियांना आठवडेच्या आठवडे ओली थंडी मिळाल्याशिवाय जाग येत नाही. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या मिल्कवीडवरच जगतात, म्हणून पुष्कळ जण सुरुवात तिथूनच करतात.

एक गॅलनचा अर्धपारदर्शक कॅन घ्या. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाला सहा-आठ छिद्रं. तळापासून चार इंचांवर आडवा काप, मुठीखालचा दीड इंच भाग तसाच ठेवून, म्हणजे तो बिजागरीचं काम करेल. तीन इंच ओलं कुंडी-मिश्रण, बी, लेबल. कापाभोवती डक्ट टेप. टोपण फेकून द्या, तिथूनच पाऊस आणि बर्फ आत जायचा आहे. मग उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा आणि विसरा. वर फूटभर बर्फ साचला तरी चालतो.

रानफुलं आणि बहुवर्षीय झाडं डिसेंबर-जानेवारीत, पालक, केल, लेट्युस फेब्रुवारी-मार्चमध्ये, टोमॅटो आणि झिनिया एप्रिलच्या मध्यात. मिरची, वांगी यात घालू नका, त्यांना उबच लागते.

पद्धत फसते ती जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये. ऊन कडक होतं, कॅन भट्टीसारखा तापतो आणि दोन दिवसांत कोवळे कोंब वाळतात. कॅन उचलून हलका लागला की पाणी द्या. बाहेर १५ अंश झाले की दिवसा झाकण उघडा. कोंब आल्यावर रात्र उणे ५ च्या खाली जाणार असेल तर वर जुनी सतरंजी टाका. आणि लेबल पेन्सिलीने लिहून कॅनच्या आत ठेवा. मार्करची अक्षरं उन्हाने उडतात आणि मे महिन्यात दहा कॅन, सगळे अनोळखी.

मिरची, वांगी, टोमॅटोचं बी घरात कधी टाकायचं? जानेवारीत टाकलं तर लवकर फळं येतील ना?

येणार नाहीत. जानेवारीतलं रोप मेपर्यंत दोन फूट उंच, लुकडं, मुळं गुंडाळलेलं होतं आणि बाहेर लावल्यावर महिनाभर रुसून बसतं. मार्चमध्ये टाकलेलं ठेंगणं रोप त्याला गाठतं.

शेवटच्या फ्रॉस्टपासून उलटं मोजा. ती तारीख १५ मे धरली तर कांदा १० ते १२ आठवडे आधी, म्हणजे २० फेब्रुवारी ते ६ मार्च. मिरची आणि वांगी ८ ते १० आठवडे, ६ ते २० मार्च. टोमॅटो ६ ते ८ आठवडे, २० मार्च ते ३ एप्रिल. दोडका, दुधी, काकडी फक्त ३ ते ४ आठवडे, १७ ते २४ एप्रिल. या वेलांना मुळं हलवलेली चालत नाहीत, त्यामुळे कागदी कपात एकेक बी टाका आणि कपासकट लावा. दोडक्याचं कडक बी रात्रभर भिजवा.

मिरचीचं बी मातीचं तापमान २७ ते २९ अंश असेल तर आठ-दहा दिवसांत वर येतं. १८ अंशांच्या खोलीत तीन आठवडे लागतात, तोवर बरंचसं कुजतं. हीट मॅट लागते ती एवढ्याचसाठी. निम्म्या बिया उगवल्या की मॅट बंद. मिरची-वांगी बाहेर नेताना फ्रॉस्ट टळून भागत नाही, रात्री १२-१३ अंशांच्या वर स्थिरावायला हव्यात. कॅनडात मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीचा शनिवार-रविवार टोमॅटो लावणीचा मुहूर्त मानतात. मिरची त्यानंतर आठवडाभराने.

रोपं उगवली, पण दोन दिवसांत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली.

हा रोपं कोलमडण्याचा बुरशीजन्य रोग. आडवं पडलेलं रोप उठत नाही. बाकीची वाचवायची तर झाकण काढा, पाणी फक्त खालून, छोटा पंखा हलक्या वेगाने दिवसभर. बागेतली माती ट्रेमध्ये कधीच वापरू नका. जुने ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा. रोप आडवं नसेल, नुसतं उंच आणि फिकट असेल तर तो रोग नव्हे, दिवा लांब आहे.

गेल्या वर्षीची बियांची पाकिटं चालतील?

कांद्याचं बी वर्षभरातच उतरतं, दरवर्षी नवं घ्या. मिरची दोन-तीन वर्षं, शेंगभाज्या तीन, टोमॅटो, वांगी चार, काकडी पाच वर्षंही जाते. तपासणी सोपी: दहा बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत, उबदार जागी. सात उगवल्या तर उत्तम. चार-पाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी असतील तर टाकून द्या. साठवण घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव जमतं.

भारतातून आणलेलं बी इथे का फसतं?

आधी कायद्याचं. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे बी आणताना जाहीर करावं लागतं आणि योग्य कागदपत्रं लागतात. वेलदोड्याच्या डबीत लपवून आणू नका. इथे भारतीय भाज्यांचं बी विकणारे आता पुष्कळ आहेत.

फसण्याचं कारण पुन्हा दिवसाची लांबी. आपला नाशिककडचा कांदा लहान दिवसांचा: दिवस १२ तासांच्या आसपास झाला की तो गड्डा धरू लागतो. शिकागोत मेमध्ये दिवस साडेचौदा तासांचा असतो. रोप पेन्सिलीएवढं असतानाच त्याला वाटतं वेळ झाली आणि गोटीएवढा कांदा बसतो. इथे १४ तासांवर गड्डा धरणाऱ्या, लांब दिवसांच्या जाती घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

तुरीचं उलट आहे. बहुतेक जातींना फुलायला लहान दिवस हवेत. इथे ती उन्हाळाभर हिरवीगार, उंच वाढते, सप्टेंबरनंतर कळ्या धरते आणि शेंगा भरायच्या आत फ्रॉस्ट तिला नेतो. वालाच्या कित्येक जुन्या जातीही अशाच. अंबाडीलाही फुलायला लहान दिवस लागतात, पण आपल्याला हवी असतात पानं, म्हणून ती इथे खूप चांगली येते. भेंडी, लाल माठ, चवळीच्या शेंगा यांचं सहसा अडत नाही. हिवाळ्यात यादी करताना चवीबरोबर हाही प्रश्न विचारा: हे पीक किती तासांच्या दिवसावर चालतं?

घरात फुलं हवीत, पण फारशी खटपट नको.

अमॅरिलिस. कंदाचा वरचा अर्धा भाग मातीबाहेर ठेवा, सुरुवातीला पाणी अगदी थोडं, सहा ते आठ आठवड्यांत फूल. ट्युलिपला १२ ते १४ आठवडे २ ते ९ अंशांची थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदांपासून लांब, कारण त्यांतून निघणारा इथिलिन वायू आतली कळी मारतो. फेब्रुवारीत फोर्सिथियाच्या काड्या कापून कोमट पाण्यात ठेवल्या की दोन-तीन आठवड्यांत पिवळ्या होतात.

पेपरव्हाइट नर्गिस पाण्यात खड्यांवर वाढवली की लांबून कोलमडते. कॉर्नेल विद्यापीठात त्यावर गमतीचा उपाय सापडला: कोंब दोन इंचांचे झाले की साध्या पाण्याऐवजी चार-पाच टक्के अल्कोहोलचं पाणी द्यायचं. ४० टक्क्यांची व्होडका एक भाग, पाणी सात भाग. दांडे तृतीयांशाने आखूड राहतात, फूल तेवढंच येतं. बिअर किंवा वाइन नको, त्यांतली साखर मुळं कुजवते.

कंपोस्टचा ढीग गोठलाय. भाजीचा कचरा टाकत राहू का?

टाका. गोठलेला कचरा वसंतात लवकर कुजतो, कारण बर्फाने त्याच्या पेशी फुटलेल्या असतात. शरदातली पानं दोन-तीन पोत्यांत कोरडी ठेवा आणि प्रत्येक बादलीवर तेवढीच पानं टाका. ती नसतील तर एप्रिलमध्ये सगळं एकदम वितळून आंबट वास सुटतो आणि शेजारी विचारायला येतात.

अवजारांचं काय?

माती खरवडा, गंज तारेच्या ब्रशने काढा, खुरपं-कुदळ कानशीने २० ते २५ अंशांच्या कोनात धार लावा, दांड्यांना जवसाचं तेल. पाइपमधलं पाणी काढून गुंडाळा आणि बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करा.

मार्चमध्ये बर्फ गेला. खणायला सुरुवात करू?

वाफसा आला का बघा. चार इंच खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर खणा. नुसता खड्डा पडून लाडवासारखा तसाच राहिला तर आठवडाभर थांबा. ओल्या चिकणमातीत एकदा फावडं चाललं की तिची ढेकळं उन्हाळाभर फुटत नाहीत. वाफ्यावर पायही देऊ नका, फळी टाकून उभे राहा.